तळ्याकाठचा राजवाडा

"तुमची बस सहाची. म्हणजे एकच राजवाडा होईल, बाबा," मुलगी चहा गाळता गाळता म्हणाली. "टेकडीवरचा की तळ्याकाठचा?"

"तळ्याकाठचा."

"निदान विचार केल्यासारखं तरी दाखवा."

वडील हसले. विचार ते घरूनच करून आले होते. टेकडीवरच्या राजवाड्यात मुलगी नोकरीला होती. जतन विभागात अधिकारी, असं तिने कळवलं होतं आणि त्यांनी ते गल्लीभर सांगितलं होतं.

"टेकडीवर माझं काम बघितलं असतंत. दरबार दाखवला असता."

"दोनशे पायऱ्या आहेत म्हणे. माझे गुडघे बघ."

"लिफ्ट आहे."

"लिफ्टमध्ये मला गरगरतं."

"मग काल इथे पाचव्या मजल्यावर कसे आलात?"

"गरगरतच आलो."

ती हसली, पण तिचा चेहरा जरा उतरला. वडिलांना ते दिसलं. त्यांनी बिस्किटाचा पुडा पुढे ओढला आणि विषय तिथेच ठेवला.

पस्तीस वर्षं त्यांनी इस्पितळाच्या फरश्या पुसल्या होत्या. आईविना वाढलेल्या मुलीला रसायनशास्त्र शिकवलं ते एवढ्याचसाठी, की तिचे गुडघे कधी फरशीला टेकू नयेत. तीन वर्षांपूर्वी तिला चकित करायचं म्हणून ते न कळवता या शहरात आले आणि तिकीट काढून टेकडीवर गेले. दरबारात, दोरीच्या पलीकडे, त्यांची लेक ॲप्रन घालून गुडघ्यांवर बसली होती. शेजारी पाण्याचं भांडं, हातात फडकं.

खांबाआडून ते बघत राहिले. अर्ध्या तासात तिने तळहाताएवढी जागा पुसली. या वेगाने पोरीची नोकरी टिकायची नाही, हे त्यांच्या मुरलेल्या नजरेने तेव्हाच ओळखलं.

ते न भेटताच परतले. पोरीने आपलं मन राखायला खोटं सांगितलं, आता आपण तिचं राखायचं. फक्त फोनवर ते अधूनमधून म्हणत, "हात जरा झपझप चालव गं."

"कुठल्या कामात, बाबा?"

"कुठल्याही."

तळ्याकाठचा राजवाडा लहान आणि शांत निघाला. पाण्यावरून परतलेलं ऊन छतावर हलत होतं. वडिलांनी सज्जात उभं राहून बदकं मोजली, राजाच्या पलंगाची लांबी पावलांनी मापली आणि राजा आपल्यापेक्षा बुटका होता असं जाहीर केलं. सकाळ अशी मजेत गेली.

दिवाणखान्याला मात्र दोरी लावलेली होती. आतली नक्षीची फरशी राखेसारखी करडी पडली होती. मुलगी थबकली. मग दोरीखालून आत शिरली आणि सरळ गुडघ्यांवर बसली.

"ऊठ गं. आज सुट्टी आहे ना तुझी?"

"एक मिनिट, बाबा."

तिने रुमालाचं टोक जिभेवर ओलं केलं आणि फरशीवर हलकेच फिरवलं. नखाएवढा निळा रंग वर आला.

तेवढ्यात दालनाच्या दुसऱ्या टोकाकडून राजवाड्याचे व्यवस्थापक धावतच आले. वडील दोरी ओलांडून मुलीच्या पुढे उभे राहिले.

"साहेब, तिला बोलू नका," ते हळू आवाजात म्हणाले. "सवयीने बसली. पोर कामसू आहे, फक्त हाताला थोडी सावकाश आहे. वरच्या राजवाड्यात कळवू नका. नोकरीचा प्रश्न आहे."

व्यवस्थापकांनी त्यांना वळसा घातला, बूट काढून बाजूला ठेवले आणि मुलीशेजारी खाली बसले.

"मॅडम, दोन वर्षं झाली तुमची तारीख मागतोय," ते म्हणाले. "या फरशीला तुमच्याखेरीज देशात कोणी हात लावायचा नाही, असा हुकूम आहे. आज अशा अचानक कशा आलात?"

"बाबांनी हट्ट धरला," ती म्हणाली.