अक्कलदाढ

वडील वारल्यावर आठव्या दिवशी ती कामावर परतली. काढलेले दात यंत्रात दाबून ते किती भार सोसतात, हे पाहणं तिचं काम. आज पाळी वडिलांच्या अक्कलदाढेची होती. जबड्याच्या उपचाराआधी ती काढली, तेव्हा त्यांनीच हसत बजावलं होतं, “ही मोडून दाखव. तरच तुला अक्कल आली म्हणेन!” प्रयोगशाळेच्या मॅडम म्हणाल्या, “ही राहू दे गं. घरी ठेव.” “बाबांना शब्द दिलाय,” म्हणत तिने दाढ यंत्राखाली बसवली. आकडे चढत गेले. तिला रडू येत नव्हतं. कट्ट! मॅडमनी भिंगातून पाहिलं. “वरचं कवच तडकलंय. पण भेग आतल्या थरापाशी थांबलीय. दाढ मोडली नाही.” “मग आणखी दाब देऊ?” तिने विचारलं. मॅडमनी यंत्र बंद केलं. मग तिच्यासाठी खुर्ची ओढली.