दुसरी आजी

साठी उलटल्यावर अ‍ॅर्डिथ धर्मप्रचाराच्या कामासाठी हौसेनं पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांवर आली, त्याला वर्ष झालं होतं. सकाळी फोनवर अमेरिकेत, युटाला राहणाऱ्या चार वर्षांच्या नातीनं तिला केक दाखवला.

"आजीनं केलाय. तू नाही गं, इथल्या आजीनं."

इथली आजी म्हणजे सुनेची आई. अ‍ॅर्डिथ हसली खरी, पण ते 'इथल्या' तिला दिवसभर टोचत राहिलं.

दुपारी शेजारची छोटी सेला नेहमीसारखी येऊन तिच्या मांडीवर बसली. थोड्या वेळानं सेलाची आजी, कालोलाइने, दारात आली.

"चल गं जेवायला. तुझ्यासाठी अळूच्या पानातलं मटण केलंय."

"नको. मी या आजीकडचा पाव खाणार."

"खा बाई. आमच्या हातचं आता कुठलं गोड लागायला," कालोलाइने हसून म्हणाली.

ते हसू अ‍ॅर्डिथनं ओळखलं.

घरभर ताज्या पावाचा वास दरवळत असताना, जन्मात कधी खोटं न बोललेली ती धर्मप्रचारक म्हणाली, "सेला, आज मी पाव केलाच नाही गं."