आजीचं नाक

पेठकरांच्या स्टुडिओत फोटोतलं जे पुसलं जाई, ते सकाळपर्यंत खऱ्या चेहऱ्यावरूनही दहिवरासारखं विरून जाई; आणि जे नव्यानं रेखलं जाई, ते उमटून येई. स्थळांना पाठवायच्या फोटोसाठी हेमलतानं आपलं फेंदारलेलं नाक इथंच चाफेकळी करून घेतलं होतं. आज ती बारशाच्या फोटोसाठी लेकीला घेऊन आली होती.

"काका, हिचंही नाक आत्ताच नीट करून टाका. पुढे कटकट नको."

पेठकरांनी पडद्यावर मायलेकींचा फोटो मोठा केला. हेमलताच्या मांडीवर झोपलेल्या तान्हीचं नाक श्वासासरशी हलकेच फुललं. तांदूळ निवडता निवडता डोळा लागला की हेमलताच्या आईचं नाक अस्संच फुलायचं. आई जाऊन वर्ष झालं होतं.

"करू सुरुवात?"

हेमलतानं स्वतःच्या नाकावरून बोट फिरवलं.

"हिचं राहू द्या, काका. माझं हिच्यासारखं करा."