मनकर्णाबाईंची तुरटी

कॅनमधलं पाणी आरशासारखं नितळ झालं होतं आणि पूनमच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

काल ते हिरवट, गढूळ होतं. तसंच असायला हवं होतं. कोकणातल्या एका कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी, गुडघाभर समुद्रात उभं राहून तिनं ते भरून आणलं होतं. त्यात सुटं सुटं नुसत्या डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ होतं. त्यातलं कुठलं माजलं आणि कुठलं मेलं, यावरून कारखाना समुद्रात काय सोडतो ते कळणार होतं. तिथल्या कोळ्यांची मासळी मरत होती. कारखान्याच्या मते ती बहुधा आत्महत्या करत असावी.

नागपूरच्या तिच्या सरांचं मतही फारसं वेगळं नव्हतं. कारखाना त्यांना नवी प्रयोगशाळा बांधून देणार होता. "नमुना जरा स्वच्छ आला तर बरं," ते अगदी मायेनं म्हणाले होते, "म्हणजे तुझी पीएचडी अडणार नाही." पूनमनं बाणेदारपणे नकार दिला होता. रविवारी प्रयोगशाळा बंद, म्हणून ती कॅनसकट सौंसरला घरी आली होती.

"पाणी लय गढूळ होतं व," मनकर्णाबाई लेकीला कौतुकानं म्हणाल्या. "म्या तुरटी फिरवली. आता पाय, कसं नितळ झालं!"

सरांना गोड बोलून जे जमलं नाही, ते आईनं तुरटीच्या खड्यानं करून दाखवलं होतं. पूनमला रडूच कोसळलं.

"काहून रडून राहिली? खालचा गाळ आहे ना व. तू एवढ्या दुरून आणलं, मले फेकवलं नाही. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला."

पूनमनं बरणी उजेडात धरली. नाल्यातल्या शेवाळाचं सगळं गणगोत तळाशी हिरवंगार बसलं होतं. तिनं डोळे पुसले आणि सोमवारी नागपूरची बस पकडली.

कॅन पाहून सरांचा चेहरा उजळला. कारखान्याचे साहेब समोर चहा घेत बसलेच होते. "नमुना नाल्याच्या तोंडाचाच, अगदी अस्सल," सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि कॅनवर झोकात सही ठोकली. "आमची पूनम स्वतः पाण्यात उतरली होती. खात्री मी देतो."

"मग एक सही इथेही करा, सर," पूनम म्हणाली आणि तिनं पिशवीतून बरणी काढली. "हा ह्याच पाण्याचा गाळ. आईनं तुरटी फिरवली होती."