खुंटीचा पीळ

सिनेमातल्या म्हाताऱ्या लोकगायकासाठी दिग्दर्शकाला आमच्या ह्यांचा आवाज हवा होता. ह्यांना कित्येक महिन्यांत कुणी गायला बोलावलं नव्हतं. "तरुणपणीच्या रेकॉर्डवरच्याच पट्टीत गायचं, बाबा," तो स्टुडिओच्या काचेपलीकडून म्हणाला. मी ह्यांची एकतारी मांडीवर घेतली. ती लग्नापासून मीच सुरात लावते. ह्यांचा आवाज थकू लागला, तशी मी दरवर्षी खुंटी केसभर सैल करून पट्टी उतरवत आले होते, ह्यांना न सांगता. "बरोबरीच्यांचे गळे बसले, माझा बघ," असं हे मिशीत हसत म्हणायचे. आता खुंटी पिळताना माझा जीव टांगणीला लागला. आवाज चिरकला तर काम जाईल, आणि ह्यांचा तोराही. तार चढली. हे डोळे मिटून ऐकत राहिले, गायले नाहीत. काचेपलीकडे कुणीतरी घड्याळ पाहिलं. मी मान खाली घातली. "सैल कर," हे हळूच म्हणाले, "यंदाचं उतरवणं अजून राहिलंय."