ढोलाच्या पुढची पावलं

हे मी लिहिणारच नव्हतो. पण आता त्या दोघांनीच ‘लिही’ म्हटलंय.

ग्रासिलियानोनं ढोल मांड्यांत आवळला आणि नजर एनेइदाच्या अनवाणी पायांवर रोवली. कोलंबियातल्या पुएर्तो एस्कोंदिदो गावाच्या किनाऱ्यावर भर उन्हात बुलेरेंगेचा नाच रंगात आला होता. बायका गात होत्या. त्याला फक्त त्यांची तोंडं हलताना दिसत होती. पाच वर्षांपूर्वी ताप आला आणि कान घेऊन गेला. कुणाला बोलला नव्हता. बहिऱ्याच्या मांडीत ढोल कोण ठेवील?

मघाशीच छोट्या ढोलावरचा योबानी समोर येऊन म्हणाला होता, "काका, तीनदा हाक मारली! कानात बोळे घातलेत का? दमला असाल तर मोठा ढोल मी घेतो."

पण रीत ग्रासिलियानोच्या बाजूची होती. बुलेरेंगेत बाई ढोलामागं जात नाही, ढोल बाईच्या पावलांमागं जातो. गुलामीत चाबकापुढं चालून चालून ज्यांचे पाय सोलवटले, त्यांच्या लेकींनी ही रीत घातली असं म्हातारी माणसं सांगतात. आणि ती पाळावी तर एनेइदानंच. पासष्टीची बाई, पोटावर हात, ताठ मान, पाय वाळूतून उचलतही नव्हती. देवानं ठेका धरला तरी ही आपल्याच तालात नाचेल, असं गाव म्हणायचं.

तेवढ्यात समुद्रावरून वारा उठला. वाळू थेट त्याच्या डोळ्यांत गेली. पाय दिसेनात. हात थबकले. संपलं, त्याला वाटलं. आता सगळ्यांना कळणार.

त्यानं डोळे चोळून पाहिलं. एनेइदाही थांबली होती. एक हात पुढं करून चाचपडत होती. भलतीकडंच, पाण्याच्या दिशेनं.

त्यानं सणसणीत थाप दिली. ती गर्रकन वळली. दुसरी थाप. ती हसली आणि नाचत सरळ त्याच्यापुढं आली. लोकांना वाटलं, म्हाताऱ्यांनी ठरवूनच केलं. टाळ्या पडल्या.

नंतर नारळीभात घेऊन दोघं होडीच्या सावलीत बसली.

"काय रे म्हाताऱ्या, मधेच कशाला मेलास?" तिनं विचारलं. त्यानं ओठ वाचले.

"तुझे पाय दिसले नाहीत. मला ऐकू येत नाही, एनेइदा. पाच वर्षं झाली."

तिचा घास हातातच राहिला. "आणि मला दिसत नाही. चार वर्षं झाली. तुझ्या थापेवर पाय टाकते मी. मी! मेले असते तरी कुणाला सांगितलं नसतं."

"मग इतकी वर्षं पुढं कोण होतं गं?"

ती इतकी हसली की भात वाळूत सांडला. त्यानं आपल्या ताटलीतला अर्धा तिच्या ताटलीत सारला.

"शब्द देतो, एनेइदा. डोळ्यांत अख्खा किनारा गेला तरी आता हात थांबणार नाही."