इंदिराबाईंचा दिवाण

नागेंद्रने पलंगाचा दुसरा कठडाही उपसून काढला आणि बायकोला विचारलं, "आता कसा दिसतो?"

"कठडे काढलेल्या दवाखान्याच्या पलंगासारखा," सुष्मा म्हणाली.

झालं! म्हणजे अजून बरंच काम बाकी होतं. हेब्बाळच्या कारखान्यातून निवडून आणलेला पलंग होता तो. एक बटण दाबलं की पाठ उचलणारा, दुसरं दाबलं की गुडघे वर घेणारा. संध्याकाळपर्यंत त्याचा दिवाण व्हायला हवा होता. आणि तो दिवाणच आहे अशी इंदिराबाईंची, म्हणजे नागेंद्रच्या आईची, खात्री पटायला हवी होती.

कारण तसंच होतं. बारा वर्षांपूर्वी त्याच्या वडिलांसाठी असाच एक पलंग घरात आला आणि अकराव्या दिवशी ते गेले. तेव्हा बाईंनी देवापुढे शपथ घेतली, "जीव गेला तरी असल्या पलंगावर अंग टाकणार नाही." आता वय एक्क्याऐंशी, पाठीचे मणके झिजलेले. रोज सकाळी सागवानी खाटेवरून उठताना त्या अशा कण्हत की स्वयंपाकघरात सुष्माचा हात थांबे. नागेंद्रला तर ते ऐकवतच नसे. आईला आराम मिळावा, एवढंच त्याला हवं होतं, आणि तेवढंच त्याला जमत नव्हतं.

बरं, धंदा काय या गृहस्थाचा? दवाखान्याचे पलंग आणि स्ट्रेचर विकण्याचा! सगळ्या मैसुरात तो सांगत हिंडे, "बाजार पालटलाय साहेब. दवाखाने टेंडर काढतील तेव्हा काढतील, खरी मागणी आता घरांतून आहे. मुलं परदेशात, म्हातारी माणसं इथं. अपार्टमेंटवालेसुद्धा लिफ्टमध्ये मावणारं घडीचं स्ट्रेचर घेऊन ठेवतात." कंपनीच्या विक्रीच्या तक्त्यात कुवेंपुनगर भागाची रेघ महिन्या-महिन्याला वर चढत होती. फक्त कुवेंपुनगरातल्या त्याच्या स्वतःच्या घरी त्याची डाळ शिजत नव्हती.

मग नवराबायकोने कंबर कसली. सलाइनची दांडी गेली. पांढऱ्या पत्र्यावर सागवानी रंगाच्या फळ्या बसल्या. चाकं झाकायला सुष्माने लांबलचक झालर शिवली. वरून जुन्या छाप्याची लाल चादर. घराणं कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचं, तेवढी ऐट हवीच.

"हे काय रे नागू?" संध्याकाळी भजनाहून आलेल्या बाईंनी विचारलं.

"दिवाण आहे, आई."

"आणि ही बटणं?"

"हल्ली येतात दिवाणाला. बेंगळुरात घरोघरी असलेच आहेत."

इतकं धडधडीत खोटं तो गिऱ्हाइकाशीही कधी बोलला नव्हता. बाईंनी चादरीवरून हात फिरवला, झालर बघितली, मग मुलाच्या तोंडाकडे बघितलं. "अय्यो, चांगला आहे की!" म्हणाल्या आणि आडव्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कण्हणं ऐकू आलं नाही. सुष्माने हातातलं काम टाकलं. ती धावत गेली, तर सासूबाई पाठ उंच करून ऐसपैस बसलेल्या.

"कॉफी आण गं," त्या म्हणाल्या, "किती वेळ वाट बघू?"

महिना सुखात गेला. म्हणजे बाईंचा. नागेंद्रचा जीव मात्र टांगणीला लागला होता. घरी पाहुणा आला की तो पलंगाच्या आडवा उभा राही. कोणी एक शब्द बोललं की संपलं. आई त्याच पावली उठणार आणि परत त्या खाटेवर जाऊन कण्हत पडणार.

आणि एका शनिवारी शेजारच्या जयलक्ष्मीमावशी नागेंद्रच्या दुकानात हजर! बाईंची भजनातली जोडीदारीण. पोटात गोष्ट ठेवणं त्यांना ठाऊक नाही. आणि आत त्या पलंगाची आठ सख्खी भावंडं ओळीने उभी, कठड्यांसकट. नागेंद्र दारातच आडवा झाला.

"मावशी, इकडे कुठे? चला, समोर कॉफी घेऊ."

"कॉफी नंतर. मला इंदिराबाईसारखा दिवाण हवा."

"तो इथे नाही मिळत मावशी, तो सुताराकडून..."

मावशी त्याच्या बगलेतून आत शिरल्या. ओळ न्याहाळली, एका पलंगावर थाप मारली. "हाच. कठडे काढ, फळ्या लाव, झालर मात्र हिरवी."

नागेंद्रने हात जोडले. "मावशी, पाया पडतो तुमच्या. आईला सांगू नका. तिला कळलं तर ती एक रात्र निजायची नाही त्यावर. परत त्या खाटेवर जाईल. ते कण्हणं मला नाही हो ऐकवत."

मावशी पलंगावरच बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"सुम्ने, उगाच घाबरतोस रे! कठडे काढायला सांग, हे मला शिकवून कोणी पाठवलं? तुझ्या आईनेच! तिने पहिल्याच दिवशी ओळखला. म्हणाली, 'इतकी वर्षं नागू फोनवर ह्याच पलंगाचं कौतुक करतोय, मला काय कान नाहीत?'"

"मग बोलली का नाही?"

मावशींनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"म्हणाली, 'नागूसमोर दिवाणच म्हण गं बाई. ओळखलं म्हणून कबूल केलं तर शपथ पाळावी लागेल, आणि अशी झोप मला लग्न झाल्यापासून मिळाली नव्हती!'"